पुस्तक तेच होतं

माझा नवरा हाँगकाँगचा, मी पुण्याची. घरात आम्ही इंग्रजी बोलतो, म्हणजे दोघांचीही उसनी भाषा. लेक शाळेच्या वयाची झाली तेव्हा प्रश्न आला, शनिवारी तिला कुठली भाषा शिकवायची? मराठीचा वर्ग आमच्या टार्निट उपनगरातच, घरातून चालत जाण्याइतका जवळ. कॅन्टनीजचा, म्हणजे नवऱ्याच्या भाषेचा, मेलबर्नच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन्ही शनिवारी सकाळीच. नवरा म्हणाला, "माझ्या आईला दुसरी कुठलीच भाषा येत नाही. तुझ्या आईला इंग्रजी तरी येतं." मुद्दा बिनतोड होता. मी मराठीवर पाणी सोडलं. रडले, पण सोडलं.

मग दर शनिवारी तो लेकीला घेऊन तिकडे जायचा आणि मी वृद्धाश्रमातल्या माझ्या शिफ्टला. गृहपाठ मात्र मी घ्यायचे. मला त्या चिनी अक्षरांतलं ओ की ठो कळत नाही, पण पुस्तकात बघून रेघा जुळतायत का, एवढं तपासायचे. ती मोठ्याने वाचायची. नवरा फोनवर आईशी बोलतो त्यापेक्षा कानाला जरा निराळं लागायचं, पण मी म्हणायचे, पुस्तकी भाषा अशीच असणार.

यंदा सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या. दुसऱ्याच दिवशी लेक पुस्तक घेऊन त्यांच्या शेजारी बसली आणि घडाघडा वाचायला लागली. सासूबाई आधी हसत ऐकत होत्या. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याने मान फिरवली. वाचून झाल्यावर नातीच्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "व्हेरी गुड." त्यांना येणारं इंग्रजी तेवढंच.

"काय गं, आजीला आवडलं नाही का?" मी विचारलं.

"शी डझन्ट अंडरस्टँड, मम. इट्स मँडरिन," लेक म्हणाली. "डॅड सेड नॉट टू टेल यू."

चिनी लिपीतलं तेच पान कॅन्टनीजमध्येही वाचता येतं आणि मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या सरकारी भाषेतही. वर्षभरापूर्वी या माणसाने गुपचूप वर्ग बदलला होता. पुस्तक तेच राहिलं, म्हणून मला पत्ता लागला नाही.

"अरे, केसाने गळा कापलास माझा!" मी आधी मराठीतच ओरडले. मग त्याला कळेल असं इंग्रजीत विचारलं, "हेच करायचं होतं तर माझी मराठी कशाला सोडायला लावलीस?"

"मँडरिनला पुढे नोकरीत भाव आहे," तो म्हणाला. "कॅन्टनीज शिकून ती बोलणार कोणाशी? आईशी? आईची आता अशी किती वर्षं राहिलीत?"

हे तो आईच्या समोरच बोलला, इंग्रजीत, अगदी निर्धास्त. सासूबाई सोफ्यावर संत्रं सोलत होत्या. आपला मुलगा बोलणी खातोय, एवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी त्यातल्या त्यात मोठी फोड निवडली, बी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती खाल्ली.