चौथा बोल्ट

लग्नाला आठ महिने झाले होते. सिडकोतल्या घरात आम्ही चौघं राहायचो, पण त्या सकाळी सासरे आणि नवरा लासूर स्टेशनला एका साखरपुड्याला गेलेले. घरी मी आणि सासूबाई. दोघींमध्ये तोवर भाजीतलं मीठ आणि दुधाची पिशवी यापलीकडे फारसं बोलणं झालेलं नव्हतं.

आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, आणि तो वार नेमका तोच होता. अकराला पाणी सुटायचं, पाऊण तासात जायचं. अंगणातला हौद लहान. तो भरत असतानाच मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवलं, तरच पुढचे सात दिवस निघायचे.

साडेनऊला मी मोटर सहज लावून बघितली. नुसती घुमली, फिरली नाही. मी झटकन बटण बंद केलं आणि मिस्त्रीला फोन केला. तो बिडकीनला कामावर होता, दुपारनंतर येतो म्हणाला.

पदराला हात पुसत सासूबाई बाहेर आल्या. मोटरीजवळ उकिडव्या बसल्या.

"आधी प्लग काढ," त्या म्हणाल्या. "आता मागची जाळी खोल."

जाळी काढल्यावर त्यांनी आतला पंखा हातानं फिरवून बघितला. तो जागचा हलेना.

"मोटर जळाली नाय. जळाल्याचा वास कुठंय? पंपात गंज धरलाय. पुढचं झाकण उघडावं लागंल."

"आई, तुम्हाला येतं हे?"

"बघू की."

सासऱ्यांच्या पेटीतून मी पान्हे आणले. झाकणाला चार बोल्ट होते. तीन कुरकुरत का होईना, निघाले. चौथा खालच्या बाजूला, कायम ओल्यात राहिलेला, लाल गंजानं पार माखलेला. मी सगळा जोर लावला. पान्हा सटकला, बोटाची साल निघाली आणि बोल्टचा एक कोपरा झिजला.

"थांब," त्यांनी माझा हात धरला. "कोपरे गेले तर मग पान्हा धरायलाच जागा राहणार नाय. जोराचं काम नाय हे."

त्यांनी बोल्टच्या बुडाशी रॉकेल सोडलं आणि हातोडीनं त्याच्या डोक्यावर हलक्या टिचक्या मारायला सुरुवात केली. परत रॉकेल, परत टिचक्या. मी घड्याळ बघत होते. सव्वादहा झाले होते. त्या मात्र कान देऊन ऐकत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आवाज बदलला. रॉकेल आत उतरलं. आता नीट बसणारा पान्हा घे आणि आवळ."

"आवळू? काढायचाय ना?"

"आधी जरासा आवळायचा. गंजाची पकड तुटती. मग सोडायचा."

मला ते पटलं नाही, तरी मी आवळला. काहीच हललं नाही. त्यांनी मागच्या दारातून लोखंडी पाइपचा हातभर तुकडा आणून पान्ह्याच्या दांड्यावर चढवला. दोघींनी मिळून तो धरला. एकदा आवळण्याकडे, एकदा सोडण्याकडे, सावकाश. चौथ्या वेळेला "कट्" असा आवाज झाला. मला वाटलं, बोल्ट तुटला. पण पान्हा फिरला होता. बोल्ट फिरत होता! मी सासूबाईंचा खांदाच घट्ट धरला. त्या हसल्या. त्यांचं मोकळं हसू मी पहिल्यांदा बघितलं.

झाकणही चिकटलेलं होतंच. कपडे धुण्याच्या धोपटण्यानं त्यांनी त्याच्या कडेला चारी बाजूंनी ठोकलं, तसं ते सैल होऊन हातात आलं. आत पाणी ओढणारी चकती गंजाच्या खपल्यांत रुतून बसली होती. आम्ही सुरीच्या टोकानं खपल्या काढल्या, पॉलिश पेपर मारला, आणि मी मागचा पंखा बोटानं ढकलला. तो गरगर फिरला. पुन्हा ढकलला, पुन्हा फिरला. मी उगाचच चार वेळा फिरवला.

झाकणाखालचं कागदाचं पॅकिंग फाटलं होतं. सासूबाईंनी एका जाड लग्नपत्रिकेवर झाकण ठेवून पेनानं आखलं, कात्रीनं कापलं, ग्रीस लावून बसवलं. बोल्टच्या आट्यांनाही ग्रीस दिलं. शेवटचा बोल्ट आवळत होतो तेव्हाच नळानं हवा फेकायला सुरुवात केली.

हौदात थोडं पाणी साचल्यावर पंपात तांब्याभर पाणी ओतलं, प्लग लावला. "दाब," त्या म्हणाल्या. मी बटण दाबलं. मोटर फिरली. मी जिने दोन दोन पायऱ्यांनी चढून गच्चीवर गेले आणि टाकीत डोकावले. पाइपातून आधी तांबूस, मग स्वच्छ पाण्याची जाड धार पडत होती.

"आलं का?" खालून आवाज आला.

"आलं, आई. लई जोरात आलं."

माझ्या तोंडून त्यांच्या बोलीतलं "लई" आलेलं त्यांनी नक्की ऐकलं असणार.

पाणी गेल्यावर, काळ्या हातांवर राख चोळता चोळता, त्यांनी सांगितलं. पैठणजवळ त्यांच्या माहेरी नदीकाठी ऑइल इंजिन होतं. वडलांची नजर अधू झाली, तेव्हा लग्नाआधीची तीन वर्षं तेच इंजिन त्या खोलत, साफ करत आणि चालवत होत्या.

"घरात कुणाला माहीत आहे हे?" मी विचारलं.

"कुणी इचारलंच नाय."

मग मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. पिठलं-भाकरीची ताटं तशीच पुढ्यात सुकली. पहिल्यांदाच मी त्यांच्यासमोर भिंतीला टेकून, पाय पसरून बसले होते.