कोपऱ्यातला लाल ठिपका

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे तुम्हाला माझी दया येणार आहे. नाही येणार? बरं, चहा घ्या आणि ऐका.

वसई पूर्वेला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. मी तिथला इंजिनियर, पण नोकरी अजून कायम झालेली नव्हती. साहेब म्हणाले होते, "कामणच्या गोडाऊनमधल्या गर्डरची टेस्ट नीट पार पडू दे, दुसऱ्या दिवशी तुझं पत्र." झालं! तुळिंजला घरी आमच्या आईने अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं, पोरगा परमनंट झाला म्हणून.

गर्डर म्हणजे दोन खांबांवर टेकवलेला पाच मीटरचा लोखंडी बीम. त्याच्या खालून चेनपुलीची ट्रॉली धावणार आणि दोन टनांचा माल उचलून दारातल्या ट्रकपर्यंत नेणार. साहेबांनी त्याचं गणित एका बिलाच्या पाठीवर जुन्या सूत्राने केलं होतं. दोन ओळी! सगळ्यात जास्त ताण मध्यावर, एकसष्ट मेगापास्कल. लोखंड अडीचशेपर्यंत आरामात तग धरतं. विषय संपला.

मला नुसता रिपोर्ट टाइप करायचा होता. टेस्ट दुपारी चारला. पण मला स्वस्थ बसवतंय होय! सकाळी दहाला डोक्यात आलं, कॉम्प्युटरवरही करून बघू, दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडू, साहेब एकदम खूश!

आता कॉम्प्युटर काय करतो, तर गर्डरचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यातला ताण काढतो. जिथे ताण जास्त तिथे लाल रंग. मध्यावर त्याचंही उत्तर एकसष्टच आलं. पण टोकाला, जिथे गर्डर खांबावरच्या ब्रॅकेटवर टेकतो तिथल्या कोपऱ्यात, एक लाल ठिपका. एकशे अठरा!

शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी तुकडे आणखी बारीक केले. तुकडे बारीक म्हणजे उत्तर जास्त खरं, एवढं मला पाठ होतं ना! एकशे बासष्ट. आणखी बारीक. दोनशे बावीस. उठलो, पाणी प्यायलो, बसलो, परत उठलो, पंखा वाढवला. आणखी बारीक. तीनशे चार!

म्हणजे अडीचशेच्याही पार! गर्डर वर चढलेला, खाली आमचीच माणसं काम करतायत! फोन लावला इनास अंकलना. हे आमचे फोरमन, इथल्याच गावातले, तीस वर्षं वेल्डिंगच्या ठिणग्यांत काढलेले.

"अंकल, गर्डरखालून सगळ्यांना बाहेर काढा!"

"का रे बाबा? साप निंगाला का?"

"कोपऱ्यात ताण तीनशे चार आहे!"

"कुठल्या कोपऱ्यात? मी हितंच उभा हाय. काय पन नाय."

"दिसणार नाही हो तो! कॉम्प्युटरमध्ये आहे!"

"मंग कॉम्प्युटरखालनं मानसं काढ ना!"

फोन ठेवला, लॅपटॉप पाठीला लावला आणि बाइकवरून थेट कामण. पोचल्या पोचल्या हुकूम सोडला, त्या कोपऱ्यात तिरकी पट्टी वेल्ड करा. अंकल पुटपुटले, पण केली. मी लॅपटॉपवरही पट्टी काढली. लाल ठिपका गायब! आणि पट्टीच्या टोकाला हजर. मग तिथे दुसरी पट्टी. ठिपका दुसरीच्या टोकाला. पट्टी म्हटली की तिला कोपरे येणारच, हे माझ्या लक्षातच येईना! तीन वाजेपर्यंत आठ पट्ट्या झाल्या होत्या.

"इंजिनेरसाहेब," अंकल शिडीवरून ओरडले, "अजून किती ठिगळं लावनार? गर्डर हाय का गोधडी?"

तेवढ्यात आमचे साहेब गोडाऊनच्या मालकांना घेऊन आत आले, तासभर आधीच! आणि मी काय करावं? बाजूला नेऊन हळूच सांगावं? छे! सगळ्यांदेखत किंचाळलो, "साहेब, टेस्ट करू नका! गर्डर तुटेल!"

मालक दोन ढांगांत रस्त्यावर. मनात म्हटलं, गेली नोकरी.

साहेब शांतपणे लॅपटॉपजवळ आले. "मध्यावर किती?"

"एकसष्ट."

"सूत्राने?"

"एकसष्ट."

"मग भांडण कुठे आहे?"

"कोपऱ्यात, साहेब. तीनशे चार."

"अजून बारीक कर."

केलं. चारशे सोळा.

"अजून."

पाचशे सत्तर.

"आणि असाच महिनाभर बारीक करत बसलास तर?"

मी स्क्रीनवर तो कोपरा मोठा करून बघितला. चित्रात मी तो कोपरा सुरीसारखा धारदार काढला होता. तसल्या कोपऱ्यात तुकडे जितके बारीक कराल तितका ताण वाढतच जातो, त्याला शेवट नाही. खऱ्या सांध्याला वेल्डिंगची गोलाई असते हो! हे आम्हाला कॉलेजात शिकवलंही होतं. मी बहुतेक त्या दिवशी कँटीनमध्ये होतो.

मालकांची समजूत काढून आत आणलं. दोन टनांचं वजन टांगलं. सूत्राने गर्डर पाच मिलिमीटर वाकायला हवा होता. वाकला पाच! मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. मग ट्रॉली दाराकडे ढकलली, आणि ती दारापासून हातभर अलीकडे खट्‌कन अडली. माझ्या पट्ट्यांना!

अंकलनी ग्राइंडर माझ्या हातात दिला. आठही पट्ट्या मी कापल्या, सगळ्यांसमोर, शिडीवर चढून.

दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं, खोटं कशाला बोलू? पण साहेब म्हणाले, "आधी रिपोर्ट पुरा कर. दोन्ही उत्तरं लिही आणि फरकाचं कारणही." मी कोपऱ्यातल्या फरकावर पाऊण पान लिहिलं, धारदार कोपरा, तुकड्यांचा आकार, सगळं अगदी शास्त्रशुद्ध. साहेबांनी सगळं खोडलं आणि पेनाने दोनच शब्द लिहिले, "आमचा इंजिनियर."

मालकांच्या फाइलीत तोच कागद लागलाय. खाली सही माझी!