साउंड कार्डचं कुंकू

दसरा, सकाळ. हजर: आई, धाकटी बहीण सुमन आणि मी. ताटातल्या झेंडूचा आणि ओल्या कुंकवाचा वास आला आणि मी पोलादपूरच्या घरातल्या एका जुन्या दसऱ्यात पोचले. तेव्हा आमचे वडील, अप्पाही होते.

सुमनला दिसत नाही. वाचून दाखवणारा संगणक तिच्यासाठी घेतला होता, पण त्याला आवाजच नव्हता. म्हणून मी महाडहून आवाज काढणारं साउंड कार्ड आणून आत बसवलं. दसऱ्याला संगणकाची पूजा करताना आईनं विचारलं, "याचा आवाज कुठनं येतो गो?" मी मागची भोकं दाखवली. पूजा झाली, स्पीकर जोडले. एक शब्द नाही. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, पुन्हा टाकला, तरी नाही.

"बोलत नाय तर पोरीला काय उपयोग? उद्या कार्ड परत दे," अप्पा म्हणाले.

सुमन संगणकाच्या मागे हात फिरवत होती. "ताई, वायर लावलीस तिथं चिकट लागतंय."

आईनं एकेका भोकात बोटानं कुंकू भरलं होतं! मी कापूस गुंडाळलेल्या काडीनं ते पुसलं, पिन परत खोचली आणि खरखरीत इंग्रजी आवाज घरभर घुमला. तेव्हा मला कार्ड वाचल्याचाच आनंद झाला होता. आज सुमन कॉलेजात शिकवते, तेव्हा कळतं की त्या खोलीत काय सुरू झालं होतं.

"मराठी नाय येत काय त्याला?" आईनं लगेच विचारलं होतं. "मग शिकव गो!"

आता मराठी आवाजही मिळतो. सुमनच्या नव्या लॅपटॉपवर तो टाकायचं काम अजून राहिलं आहे.