कॅमेऱ्याकडे बघू नका

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पंच्याहत्तर पूर्ण होणार म्हणून भावानं अमृतमहोत्सवाचा घाट घातला. मंडप ठरला, आचारी ठरला, आणि तो शहरात राहतो त्या सावेडीहून त्याचा मला गावाकडं फोन आला; मी सुट्टीला आले होते. "फ्लेक्सला आप्पांचा फोटो पाठव. समोरून, चेहरा स्वच्छ दिसेल असा. तुझ्यासारखी कॅमेरेवाली घरात असताना आमच्या मोबाईलमधला कशाला?" शेवगावच्या चौकात आपलाही एकदा फ्लेक्स लागावा, ही आप्पांची जुनी हौस. त्यांनी तर गावभर सांगूनही टाकलं होतं, "फोटू माझ्या लेकीनं कवाच काढून ठिवलाय. ढीगभर हायेत तिच्याकडं."

मी व्हिडिओ करते. सिनेमा नाही, मालिका नाही. म्हणजे नक्की काय, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. "कुठल्या चॅनलला लागतंय गं?" असं चुलती दर खेपेला विचारते आणि दर खेपेला मी चिडते. पिकतं तिथं विकत नाही, म्हणून गावालाच दोष देत आले. हॉलंडात, जिथं मी सोळा वर्षं राहते, तिथं छळ वेगळा. पडद्यावर जरा कोरडं रान दिसलं की लोक हळहळून 'दुष्काळ' म्हणतात. अहो, शेजारची विहीर भरलेली आहे, चौकटीत आली नाही एवढंच! पण ऐकतो कोण. दोन्हीकडं मला कुणी नीट बघतच नाही, अशी माझी कायमची तक्रार.

नाव झालं ते आप्पांमुळं. पहिल्या मोठ्या कामात ते अर्धा तास कापूस वेचतात, पाठमोरे. तिकडच्या कलादालनात, अंधारात, लोक बाकांवर बसून ते बघायचे. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई म्हणाल्या, चेहरा नाही हीच यातली ताकद. झालं! तिथून पुढं दर सुट्टीत मी आप्पांची पाठच टिपत आले. पाठ विहिरीच्या काठावर, पाठ गोठ्यात, पाठ एसटीच्या थांब्यावर.

आप्पांना सुरुवातीला ते जमायचं नाही. कॅमेरा दिसला की हातातलं खुरपं टाकायचे, टोपी सारखी करायचे, गळ्याचं बटण लावायचे आणि हात मांड्यांना चिकटवून थेट माझ्याकडं बघायचे, शाळेच्या ग्रुप फोटोत बघतात तसे. मी ओरडायची, "आप्पा, कॅमेऱ्याकडे बघू नका हो! तुमचं काम करत राहा." "बरं बरं, चुकलं," म्हणत ते वळायचे. टेक वाया गेला म्हणून मी तो तिथंच पुसून टाकायची. वर्षानुवर्षं हेच. अलीकडं ओरडावं लागत नव्हतं, आणि त्याचं मला समाधानच वाटायचं.

भावाचा फोन ठेवून हार्ड डिस्क लावली. वाटलं, दहा मिनिटांचं काम. सगळी दुपार त्यात गेली. टोपीची मागची शिवण सापडली, टाचांच्या भेगा सापडल्या, मानेवरचा तीळ सापडला. एका तुकड्यात मान वळताना दिसली. अर्धा गाल, हसू नुकतं सुरू होतंय असं काहीतरी, आणि वर माझा आवाज, "बघू नका!" गाल परत गेला. तो तुकडा मी सहा-सात वेळा लावला. स्वतःच्या आवाजाचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

भाऊ वैतागला. "वीस वर्षं शूटिंग करतेस आणि बापाचा एक फोटो नाही? आधार कार्डावरचा लावू का मग? त्यात चोरी करताना धरल्यासारखे दिसतात." मी म्हणाले, उद्या सकाळी काढून पाठवते. आप्पांना मात्र खरं सांगायची हिंमत झाली नाही. ढीगभर आहेत म्हणून जो माणूस चारचौघांत मिरवतोय, त्याला एकही नाही हे कुठल्या तोंडानं सांगायचं? "सकाळी जरा शूटिंग करू," एवढंच बोलले.

सकाळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, स्वतःच खुर्ची उचलून अंगणात लिंबाखाली आले. ऊन छान तिरपं होतं. "बसा निवांत," म्हणत मी खाली मान घालून ट्रायपॉडचे स्क्रू आवळले. मग कॅमेऱ्यातून बघितलं. समोर इस्त्रीची पाठ. खुर्ची फिरवून ते गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून बसले होते, हात मांड्यांवर, टोपी अगदी सरळ.

"आप्पा..."

"कर चालू," भिंतीकडं बघतच ते म्हणाले. "न्हाई बघत मी. आता न्हाई चुकत."