महिनाभर ती नेमकं कशाकडं बघत होती

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, राजारामपुरीतल्या वाचनालयात, ती खिडकीजवळचं टेबल सोडून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. याच क्षणाची मी महिनाभर वाट बघत होतो... आणि नेमका तेव्हाच जांभई देत होतो.

थोडं मागचं सांगतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या सरांशी माझं वाजलं आणि मी कॉलेज सोडलं. तेव्हापासून मामाच्या टायरच्या दुकानात असतो. दुकान मामाचंच असल्यामुळं सुट्टी मागावी लागत नाही, फक्त ऐकून घ्यावं लागतं.

वाचनालयात गेलो होतो पेपर चाळायला... तिथं ती दिसली आणि मग रोजच जायला लागलो. नुसतं बसलं की काउंटरवरचे काका उठवतात, म्हणून हाताला लागलं ते जाडजूड पुस्तक समोर उघडून धरलं. मध्ययुगीन युरोपचा सामाजिक आणि आर्थिक इतिहास, मराठीतून. आकार असा की मागं माझं तोंड आरामात झाकायचं.

आता डोळ्यासमोर अक्षरं असली की माणूस वाचतोच. भूदास म्हणून माणसं होती... आठवड्यातले काही दिवस उमरावाच्या शेतात फुकट राबायचं, दळण त्याच्याच गिरणीत न्यायचं, मुलगी दुसऱ्या गावात द्यायची तर त्याला विचारायचं. कॉलेजात मला या विषयातल्या फक्त सनावळ्या दिसल्या होत्या. इथं राजे कमी आणि माणसं जास्त होती.

आणि ती बघायची. हे मी मनानं रचलेलं नाही... दर थोड्या वेळानं मान वर करायची, माझ्या दिशेला बघायची, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं, मग परत वहीत. ती उठेपर्यंत मीही उठायचो नाही. मित्रांना सांगून झालं होतं. एकानं तर लग्नातल्या फेट्यांचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

तर त्या मंगळवारी ती समोर आली आणि म्हणाली, "ओ दादा, हे पुस्तक तुमचं वाचून कधी होणार हाय?"

मला काही कळेना.

"एकच कॉपी हाय. काका घरी देत न्हाईत. तुम्ही आत्ता उठाल, मग उठाल म्हणून महिना काढला मी... तर तुम्ही आपलं मी जाईपर्यंत हलत न्हाय."

मला रागच आला. नक्की कशाचा ते तेव्हा सांगता आलं नसतं. "मग आधी बोलायला काय झालतं?" मी जरा मोठ्यानंच म्हणालो.

"तुमचं पुस्तकात खुपसलेलं तोंड बघून वाटलं पीएचडी करताय. म्हटलं डिस्टर्ब नको."

काउंटरवरून काकांचा आवाज आला, "पावणं, भांडायचं असलं तर बाहेर."

बाहेर व्हरांड्यात तिनं सगळं सांगितलं. ती शिरोळहून रोज एसटीनं यायची. एम.ए.चा हा एकच पेपर राहिलेला, आणि तो गुरुवारी. सुटला तर इचलकरंजीच्या एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळणार होतं... मग कोल्हापूरला यायचं काही कारण नव्हतं.

आत येऊन मी पुस्तक तिच्यापुढं सरकवलं. तिनं मधली चारदोन पानं उलटली आणि मिटलं. "दोन दिवसांत हे होत न्हाय. तुम्हाला कळलंय काय यातलं?"

"सगळं."

"मग सांगा की."

नाही म्हणालो असतो, तर ती नापास होऊन पुढच्या परीक्षेपर्यंत येत राहिली असती. हे डोक्यात येऊन गेलं, लपवत नाही... पण महिनाभर वाचलेलं माझ्या पोटात राहिना. मामाला सांगून बघितलं होतं. तो म्हणाला होता, "आधी त्या ट्रॅक्टरच्या टायरला हवा मार."

मग ते दोन दिवस व्हरांड्यातल्या बाकावर मी बोलत होतो आणि ती लिहीत होती. मध्येच म्हणायची, "तुमचं मत नको, मुद्दा सांगा." एकदा म्हणाली, "उमराव तुमच्या पाव्हण्यातला हाय काय? एवढं काय चिडताय?"

प्लेगच्या प्रकरणाला ती अडली. इतकी माणसं मेल्यावर उरलेल्यांची मजुरी वाढलीच कशी, हे तिला पटेना.

मी म्हटलं, "इचलकरंजीतले निम्मे कामगार उद्या गेले आणि यंत्रमाग तेवढेच राहिले, तर मालक काय करंल?"

"पगार वाढवंल."

"आणि सरकारनं कायदा काढला, की जुन्याच पगारावर राबायचं?"

"मग पळतील की. जास्त देणाऱ्याकडं."

"झालं. हेच तर झालतं तिकडं." मग त्या कायदा करणाऱ्यांबद्दल मी आणखीही बरंच बोललो. काका दारात येऊन उभे राहिले, तेव्हा थांबलो.

बुधवारी संध्याकाळी ती पाचच्या गाडीनं गेली. मला सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. तिच्या डोक्यात तेव्हा भूदास, उमराव, कारागिरांचे संघ... त्यात आणखी माझी भर कशाला.

निकालानंतर ती पेढे घेऊन आली. एक काकांना, दोन मला. सोमवारपासून इचलकरंजीला रुजू होणार म्हणाली. मी बरं म्हणालो.

जाताना म्हणाली, "तो प्लेगचाच प्रश्न आलता. तुम्ही सांगितलं तस्संच लिहिलं मी... फक्त शिव्या तेवढ्या गाळल्या."

ती गेल्यावर बराच वेळ मी बाकावर बसून होतो. कुठल्यातरी सरांनी ते उत्तर वाचलं असेल, बरोबरची खूण केली असेल, मार्क दिले असतील. कॉलेज सोडल्यापासून मी पास झालेला हा पहिलाच पेपर... आणि तो तिच्यामुळं. ती हे वाचेल की नाही माहीत नाही, पण मनापासून थँक्यू.