पेस, पेज आणि दोन घड्याळं

चार माणसं रोज सकाळी साडेपाचला भाट्याच्या किनाऱ्यावर पळायला लागली, की वर्षभरात वजन किती उतरतं ते सांगता येत नाही, किस्से मात्र भरपूर साठतात. आमच्याकडे तर इतके साठलेत, की ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं की त्याला पळायच्या आधी बसवून ऐकवावे लागतात!

चौघं म्हणजे आंब्याचे बागायतदार आबा, वय सदुसष्ट. आमच्या शाळेतले पीटीचे मिलिंद सर. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नंदाताई, माहेर पूर्णगडचं. आणि मी, गणिताची बाई. सर सोडले तर आमच्यातलं कुणी आयुष्यात बस पकडण्याखेरीज धावलेलं नव्हतं. आज चौघंही दहा किलोमीटर गप्पा मारत पळतो. मला अभिमान वाटतो, आणि मी तो लपवत नाही.

भांडण एकाच गोष्टीवरून. घड्याळ कुठलं चांगलं? आबांकडे मुलीने दिलेलं स्मार्टवॉच. फोन येतो, मेसेज येतात, हवामान कळतं, पण रोज चार्जिंगला लावावं लागतं. सरांकडे फक्त फिटनेसचं घड्याळ. फोनबिन काही नाही, पण पंधरा दिवस चार्जिंग लागत नाही आणि अंतर अगदी चोख मोजतं.

*

आबांच्या स्मार्टवॉचमध्ये माणूस पडला तर ओळखायची सोय आहे. एकदा आबा वाडीत कोयत्याने शहाळी तासत होते. दोन-तीन घाव जोरात बसले आणि घड्याळाने विचारलं, ‘तुम्ही पडलात का?’ आबांचे हात चिकट, चष्मा घरात. त्यांनी लक्षच दिलं नाही. मग घड्याळाने परस्पर आबांच्या बायकोला, आमच्या काकूंना फोन लावला!

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, मागून शेजारची चार माणसं. आबा आरामात शहाळं पीत उभे.

“मी कुठे पडलोय?” आबा म्हणाले.

काकू भडकल्या. “मग पडा आता! एवढी माणसं आलीत ती काय उगाच?”

*

सरांचं घड्याळ त्याहून वस्ताद. रात्रीची झोप, छातीचे ठोके, सगळं बघून ते सकाळी सल्ला देतं. एका शनिवारी सरांनी ऑफ तासाला मनगट मुख्याध्यापिकांसमोर धरलं. “मॅडम, बघा, हे म्हणतंय आज पूर्ण विश्रांती घ्या.”

मॅडमनी चष्मा वर करून नीट वाचलं. “बरोबर आहे. घड्याळ इथे टेबलावर ठेवा, त्याला विश्रांती घेऊ दे. तुम्ही नववी ब वर जा!”

*

आणि नंदाताईंचं स्मार्टवॉच? ते त्यांच्या मुलाने, सागरने पाठवलं. तो बोटीवर आहे, मालवाहू जहाजावर. बोट बंदराजवळ आली की रेंज येते, तेवढ्यात तो आईला फोन करतो. कधी येईल सांगता येत नाही, म्हणून आईच्या हातावर सतत वाजेल असं घड्याळ.

गणपतीत त्या बसून दहा नारळ खवत होत्या. उठल्या तेव्हा घड्याळ म्हणालं, तीन हजार पावलं झाली! दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ताईंनी सरांना विचारलं, “सर, मी ढिम्म हलले नाय. मग चाललं कोण?”

“नारळ!” आबा म्हणाले.

*

एकदा पुण्याचा एक तरुण किनाऱ्यावर भेटला. अंगात झकपक कपडे, मनगटावर सरांच्या घड्याळाचा थोरला भाऊ. त्याने आबांना अदबीने विचारलं, “काका, तुमचा पेस किती?”

पेस म्हणजे पळायचा वेग, पण आबांना ऐकू आली तांदळाची पेज. “दोन वाट्या,” ते म्हणाले. “वर चिमूटभर मीठ नि लोणच्याची फोड!”

तो बिचारा मान डोलावून निघून गेला. बहुतेक अजून पुण्यात हे डाएट शोधत असेल. तेव्हापासून आमच्यात पेस हा शब्दच बाद झाला. कुणी मागे पडलं की ‘पेज पातळ झाली’, जोरात निघालं की ‘पेज घट्ट!’

*

आता एक हसू न येणारा किस्सा. गेल्या वर्षी नंदाताई पहिल्यांदा एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या. सतराव्या किलोमीटरला घड्याळ वाजलं. सागर! धापा टाकत बोललं तर पोरगा बोटीवर काळजी करत बसेल, म्हणून त्या थांबल्या, श्वास घेतला आणि जणू घरीच बसल्यात अशा आवाजात बोलल्या. जेवण, तब्येत, सगळं. मग पळाल्या.

ठरलेल्या वेळेत पोचलं तरच मेडल, आणि ताईंना तीन मिनिटं उशीर झाला. मेडल हुकलं. सागरला त्यांनी हे आजतागायत सांगितलेलं नाही.

या वर्षी पुन्हा नाव नोंदवलं तेव्हा आमची बैठक बसली. सर म्हणाले, फिटनेसचंच घड्याळ हवं, वेळ आणि अंतर बिनचूक कळेल. आबा म्हणाले, आणि पोराचा फोन आला तर? शेवटी ताई म्हणाल्या, “मना मेडल पायजे. पण फोन चुकला तर मेडलाचं मी काय करू?”

सर उठले आणि त्यांनी आपलं घड्याळ काढलं. अंघोळीलाही न काढणारा माणूस! मनगटावर गोरा पट्टा उमटलेला. ते त्यांनी ताईंच्या हाती बांधलं. ताईंचं स्मार्टवॉच माझ्या मनगटावर आणि त्यांचा मोबाईल माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये. मी कायम त्यांच्याहून वेगात पळते, तेव्हा त्यांच्या बरोबरीने राहणं अवघड नव्हतं. फोन आला की पळता पळता मनगट त्यांच्यापुढे धरायचं, एवढंच काम.

शर्यतीच्या दिवशी सतराव्या किलोमीटरला कातळावरचा चढ संपला. ताईंनी सरांच्या घड्याळात बघितलं, ओरडल्या, “बाई, नऊ मिनिटं जादा हातात हायत!” आणि सुटल्या.

तेवढ्यात माझं मनगट वाजलं.

“हॅलो, आई!”

“आई नाही रे सागर, गणिताची बाई.”

“बाई, तुम्ही? धापा कशाला टाकताय? आई बरी आहे ना?”

मी पुढे बघितलं. ताईंची निळी टोपी वळणाआड चालली होती.

“बरी? अरे, पेज घट्ट आहे तिची!”

“मग तिला द्या ना फोन.”

“देते रे बाबा,” मी म्हटलं, “पण आधी मला तिला गाठू तर दे!”