भोकाचं मडकं

प्लॅस्टिकची कुंडी नको म्हणून सुनेनं आज जुन्या मडक्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं. ती ठकठक ऐकली अन् मी पन्नास वर्षांमागच्या, अनसिंग गावातल्या माहेरच्या अंगणात पोचले.

मोगरा लावायला आई असंच मडकं घेऊन बसली होती. बाबा तापानं फणफणत, खोकत आत निजलेले. शेजारची काकू कुंपणावरून ओरडली, “काय करून राह्यली वं? भोकाचं मडकं मसनात फिरवतात, घरात नाई!”

आईच्या हातून खिळा गळला. तेवढ्यात आतला खोकला थांबला. आम्ही मायलेकी दाराकडे बघत राहिलो. आत जायची हिंमत होईना.

मग आवाज आला, “पाणी दे वं.”

मोगरा पुढं खूप फुलला. इकडे सुनेची ठकठक थांबली. मी लगेच कामावर गेलेल्या मुलाला फोन लावला, अन् तो बोलेपर्यंत श्वास घेतला नाही.